बसऱ्याला गेलेले पणजोबा आणि जिचं नाव कुणी घेतलं नाही ती पणजी

प्रश्न : गेल्या वर्षी माझे वडील वारले. त्यांच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं एक पदक सापडलं. त्यावर घोडेस्वार कोरलेला आहे. काठावर इंग्रजीत एक नंबर, पणजोबांचं नाव आणि शेवटी ११० हा आकडा व काही अक्षरं आहेत. सोबत मोडीतले चार-पाच कागद आहेत. आमच्या घरात एवढंच सांगितलं जायचं की पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा आजोबा दोन वर्षांचे होते. माझी आत्या आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणते, तिच्या लहानपणी घरात बाई आणि सिंह असलेली एक जड पितळी तबकडी होती, ती पुढे कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट ती हळू आवाजात सांगते. पणजोबा गेल्यावर काही वर्षांनी पणजीनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, आजोबांना चुलत्यांकडे टाकून ती गेली आणि तिकडे तिला एक मुलगी झाली. आजोबांनी जन्मभर आईचं नाव घेतलं नाही, त्यामुळे ते आम्हालाही माहीत नाही. पणजोबांचं काय झालं ते मला शोधायचं आहे. पणजीचा आणि त्या मुलीच्या वंशाचाही शोध घ्यावासा वाटतो, पण काका म्हणतात, "जुनी मढी उकरू नकोस." मी काय करू?
– एक पणती, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, शोधा. दोघांनाही शोधा. तुमच्या पत्रात पणजोबांविषयी बरंच आहे आणि पणजीविषयी जवळजवळ काहीच नाही. पण शोधाला बसाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल की कागदांत पणजोबांपेक्षा पणजी जास्त सापडते. शिपाई मेला की त्याच्या नावापुढची रेघ संपते. त्याच्या माघारी जमीन, पेन्शन आणि पोराचा सांभाळ हे सगळं ज्या बाईला मागावं लागलं, तिचा अंगठा मात्र कुठे ना कुठे उमटलेला असतो.

सुरुवात पदकापासून करू नका, आत्यांपासून करा. कागद शंभर वर्षं थांबले आहेत, आणखी वर्षभर थांबतील. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्यांच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. त्यांच्याजवळ निवांत बसा, परवानगी घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि "पणजीची हकिगत सांगा" असं एकदम विचारू नका. त्या प्रश्नावर घरात ठरलेलं उत्तरच मिळेल. आजोबांच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी कोण उभं होतं ते विचारा. दिवाळीला, जत्रेला कोणत्या गावची माणसं यायची, आजोबांना कुणी "भाचा" म्हणून हाक मारायचं का, ते विचारा. आई घर सोडून गेली तरी मामाचं नातं बहुतेक घरांत तुटत नाही, आणि आजोबांच्या मामाचं गाव म्हणजे पणजीचं माहेर. हे एक गाव हाती लागलं की निम्मं काम झालं असं समजा. आत्या एखादी गोष्ट दोन वेळा वेगवेगळी सांगतील. दोन्ही लिहून ठेवा, तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नका.

आता पदक. तुम्ही वर्णन केलंय ते 'ब्रिटिश वॉर मेडल' आहे. हे युद्धात सेवा केलेल्या सगळ्यांना मिळालं, परत आलेल्यांनाही. तेव्हा केवळ पदकावरून पणजोबा युद्धात मरण पावले असं म्हणता येणार नाही. ते सांगते आत्यांच्या आठवणीतली तबकडी. बाई आणि सिंह म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, आणि सिंह. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ही ब्राँझची तबकडी फक्त मृत सैनिकांच्या जवळच्या नातेवाइकांना दिली जाई. तिच्यावर मृताचं नाव असे. हुद्दा किंवा पलटण नसे. एका लहान मुलीनं पाहिलेली वस्तू इतक्या वर्षांनी तुमच्या पणजोबांच्या मृत्यूची साक्ष देते आहे. तबकडी मोडीत गेली असली तरी आत्यांनी केलेलं वर्णन त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. आणि पदक चिंचेनं किंवा पावडरनं घासू नका. काठावरची अक्षरं उथळ असतात, घासून घासून ती जातात. उजेड एका बाजूनं पडेल असं धरून चारही बाजूंनी फोटो काढा.

काठावरचा ११० म्हणजे बहुधा ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. आकड्यापुढची अक्षरं भिंगातून पाहून खात्री करून घ्या. ही पलटण मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. १०३ आणि ११७ या दोन मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला ही फौज अडली, मागे फिरली आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कुत या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांचा वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ला शरणागतीनं संपला. उपासमार इतकी झाली की घोडे मारून खायची पाळी आली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं आणि आहारातल्या कमतरतेनं होणाऱ्या स्कर्व्ही या रोगानं त्यांची शरीरं पोखरली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास अल-ऐन परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपलं. सगळेच तिथवर पोचले नाहीत.

पणजोबा यांतच होते असं मात्र आत्ता धरून चालू नका. पलटणीत भर घालायला मागून गेलेले अनेक जवान कुतमध्ये पोचलेच नाहीत, ते वेढा फोडायला निघालेल्या फौजेबरोबर लढले. कॉलऱ्यानं, तापानं बसऱ्याच्या किंवा अमाराच्या इस्पितळात गेलेलेही हजारो आहेत. गावाकडे या सगळ्याला एकच शब्द होता, बसरा. नेमकं काय घडलं ते मृत्यूच्या तारखेवरून बरंचसं उलगडतं. तारीख डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६मधली असेल तर वेढा किंवा तो फोडायच्या लढाया, त्यानंतरची असेल तर कैद किंवा आजार अशी शक्यता धरून पुढे जाता येतं.

ती तारीख मिळण्याची सर्वांत चांगली जागा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची यादी. शोध विनामूल्य आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मृत्यू पावलेल्यांची तिथे नोंद आहे. नाव घालून शोधलंत तर पहिल्या दिवशीच निराश व्हाल, कारण इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं नाव लिहिलेलं असतं. चव्हाणांत 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू', जाधवांचा शेवट 'ओ'नं, शिंद्यांच्या सुरुवातीचा 'एच' गायब, असं काहीही सापडू शकतं. कधी आडनाव मुळातच नसतं, कधी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसलेलं असतं. म्हणून नाव बाजूला ठेवा. रेजिमेंटच्या रकान्यात ११०वी मराठा घाला, पदकावरचा नंबर सेवा-क्रमांकाच्या रकान्यात घाला आणि येईल ती यादी वाचा. नंबर जुळला की नाव कसंही लिहिलेलं असो, माणूस बहुधा तोच. अधिक माहितीचा एक छोटा रकाना असतो. त्यात पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो, आणि काही नोंदींत "अमुकचा नवरा" म्हणून बायकोचं नावही असतं. तुमच्या पणजीचं नाव पहिल्यांदा तुम्हाला कदाचित तिथेच वाचायला मिळेल, तेव्हा ती ओळ चुकवू नका. बेपत्ता झालेल्यांच्या मृत्यूची तारीख काही वेळा सरकारनं गृहीत धरलेली असते, हेही लक्षात असू द्या.

नोंदीत 'बसरा मेमोरियल' असं आलं तर त्याचा अर्थ बसऱ्यात थडगं आहे असा होत नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि ज्यांची दफन-दहनाची जागा ठाऊक नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक आहे. त्याच्या दगडी फलकांवर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत; हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा आहे. नावं वेगळ्या छापील नोंदवहीत ठेवली गेली. कमिशननं २०२१मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. इराकचा प्रवास करून कुणी त्या भिंतीपाशी उभं राहिलं असतं तरी तुमच्या पणजोबांचं नाव तिथे दिसलं नसतं. संकेतस्थळावर ते दिसू शकतं, एवढी सोय आता झाली आहे.

इतर जागांविषयी थोडक्यात सांगते. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात व्यक्तिगत कागद मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचे आहेत, शिपायासाठी तिथे पैसे घालवू नका. लाहोरच्या संग्रहालयातल्या युद्ध-नोंदवह्यांच्या बातम्या वाचल्या असतील, पण त्या पंजाबपुरत्या आहेत. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्यांत शिपायाचं नाव क्वचितच येतं. तरी पणजोबांची तारीख कळल्यावर त्या दिवशी पलटण कुठे होती हे कळायला त्या उपयोगी पडतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरही एकदा पाहा. १९२२च्या फेररचनेत ११०वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली, आणि तीच पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तरी चौकशीचं पहिलं पत्र बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला आणि अभिलेख कार्यालयालाच लिहा. पत्रात नंबर, नाव, पलटण आणि गाव द्या, पदकाचा फोटो जोडा आणि 'शीट रोल' किंवा 'लाँग रोल'मधली नोंद मागा. त्यात भरतीची तारीख, बापाचं नाव आणि गाव असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पत्र गेलं तर उत्तराची शक्यता वाढते. इतक्या जुन्या काळातलं सगळंच जपलेलं नसतं, म्हणून त्यावर अडून बसू नका.

गावात मात्र जरूर जा. चावडीच्या, देवळाच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक लहान पाटी आहे का पाहा. या गावातून इतके जण १९१४च्या महायुद्धात गेले, त्यांतले इतके मेले, असा मजकूर त्यावर असतो. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या आहेत. कधी चुन्याच्या थराखाली त्या दबलेल्या असतात. तिच्यावर नावं नसतात, तरी मृतांचा आकडा किती ते टिपून ठेवा. कमिशनच्या यादीत तुमच्या गावचे तेवढे सापडले की आपला शोध पुरा झाला का, हे ताडता येतं.

आता जमीन, आणि इथे जरा रेंगाळायला हवं, कारण पणजी इथे सापडणार आहे. तुमच्या घरच्या आजच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे नंबर. प्रत्येक फेरफार आपल्या आधीच्या फेरफाराकडे बोट दाखवतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून एकेक नक्कल काढत मागे जा. वाटेत क-ड-ई पत्रक लागेल, त्याच्या मागे जुनं 'ड' पत्रक. ही जुन्या हक्कनोंदींची दप्तरं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचं काम १९०३च्या कायद्यानं सुरू झालं, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या मृत्यूच्या वेळी ही दप्तरं होती. १९१६ ते १९२२ दरम्यानची वारसाची नोंद शोधा. "मयत अमुक, वारस मुलगा तमुक, अज्ञान, अ.पा.क. आई" असं तिथे लिहिलेलं असेल आणि पुढे बाईचं नाव असेल. अज्ञान पालनकर्ती आई, म्हणजे सज्ञान नसलेल्या मुलाची पालक. तिचं नाव सरकारी दप्तरात यायला हेच कारण पुरेसं होतं.

त्यानंतरचा फेरफार नीट वाचा. अ.पा.क. आईचं नाव कमी होऊन चुलत्याचं नाव ज्या वर्षी लागलं, त्याच्या आसपास ती घरातून गेली. पाटाची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नसे, त्यामुळे तारखेच्या जवळ जायचा हाच मार्ग. चुलता आधीपासूनच एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून असेल, ए.कु.मॅ. अशी अक्षरं त्याच्या नावाआधी असतील, तर मात्र पणजीचं नाव या कागदात येणार नाही. मग पेन्शनचे कागद पाहा. तुमच्याकडचे मोडी कागद त्यासंबंधीचे असू शकतात. शिपायाच्या विधवेचं पेन्शन तिनं पुन्हा लग्न केलं की सहसा बंद होई. तिच्या नावाचं पेन्शन थांबून मुलाच्या नावानं सुरू झालेलं दिसलं, तर तोही पुरावाच. मोडी वाचून घ्यायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा तिथलं पुराभिलेखागार इथे चौकशी करा. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३पासून मोडी जाणकार जिल्ह्याजिल्ह्यांत भेटू लागले आहेत. त्याच कामात जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या, म्हणजे गाव नमुना १४, अनेक ठिकाणी स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आल्या आहेत. आपल्या गावच्या पानांवर नजर टाका. आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टरही पाहा. पालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे आणि ते कोणत्या इयत्तेपासून बदललं, हे तिथे दिसू शकतं.

हे कागद हातात यायच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण "पोराला टाकून गेली" हे वाक्य तुमच्या पत्रात आलंय आणि तुमच्या घरात ते शंभर वर्षं फिरत असणार. त्या वेळचा कायदा काय होता? १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानं लग्नाची मोकळीक दिली, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपेल, असंही त्यातच लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या पाट लागत आलेल्या जातींनाही ही अट लागू आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं १८९६मध्ये ठरवलं. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर मृत नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलांचा ताबा आपल्याकडे द्यावा म्हणून कोर्टाकडे मागणी करता येई. म्हणजे विशी-बाविशीच्या या बाईपुढे काय होतं? पाट लावला तर नवऱ्याच्या घरातली भाकर गेली. मुलगा बरोबर न्यायचा तर भावकी अडवणार, आणि नेलाच तर बापाच्या शेतावरचा त्याचा पाय निघणार. पोराला तिथे ठेवणं हा त्याची जमीन राखायचा एकमेव उपाय तिला दिसला असेल. असंच झालं असं मी म्हणत नाही. पण "टाकून गेली" असंच झालं, असं तुम्हीही कागद पाहिल्याशिवाय म्हणू नका. आज तुमच्या घराकडे जी जमीन आहे ती तुमच्या आजोबांच्या नावे कशी राहिली, हा प्रश्न विचारून फेरफार वाचा.

आता तिच्या पुढच्या आयुष्याकडे. बाईचा माग काढताना सर्वांत मोठी अडचण नावाची असते. लग्नात नाव बदलायची रीत होती, म्हणून तिला माहेरचं एक नाव, तुमच्या घरातलं दुसरं आणि पाटानंतर कदाचित तिसरं असेल. तिन्ही नावं एका कागदावर मांडून ठेवा. माहेरचं गाव मामावरून कळलं की तिथल्या वयस्कर माणसांना विचारा. तुमच्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे लोक, येत असतील तर माहेरच्या भावकीची वंशावळ त्यांच्याकडे मिळू शकते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही पाहाव्यात. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये बाड काढतात. पणजोबांचं शव घरी आलं नव्हतं, त्यामुळे घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी, म्हणजे शव नसताना करायचा अंत्यविधी, केला असेल आणि त्यासाठी कुणी नाशिकला गेलं असेल. १९२८च्या पुढेमागे तुमच्या गावच्या पानावर चुलत्याची सही दिसते का पाहा. अशा नोंदीत घरातल्या सगळ्यांची नावं घालायची पद्धत आहे. तिथे पणजीचं नाव नसलं, तर तेही लिहून ठेवण्याजोगं आहे.

दुसऱ्या सासरचं गाव कळल्यावर पुन्हा फेरफारच. इथे नशीब तुमच्या बाजूला असू शकतं. तिचा दुसरा नवरा १९५६नंतर वारला असेल, तर नव्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा आणि मुलगीही वारस म्हणून लागल्या असतील. मुलीचं नाव त्या वेळच्या सासरच्या आडनावासह आणि बहुधा गावासह लिहिलेलं असतं. तिनं भावांच्या नावे हक्कसोड केला असेल, तर दुय्यम निबंधकाकडच्या त्या दस्तात तिचं वय, पत्ता आणि नवऱ्याचं नाव सापडेल. तुमच्या आजोबांची ही आईकडून बहीण. तिची मुलं-नातवंडं आज तुमच्या वयाची असतील.

त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी काकांशी बोला. "मढी उकरू नकोस" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा दोनपैकी एक भीती असते, अब्रूची किंवा जमिनीची. काकांना यांतली कोणती आहे ते शांतपणे विचारा. जमिनीची असेल तर सांगा, तुमच्या आजोबांना जमीन बापाकडून आली. आईच्या दुसऱ्या नवऱ्यापासून झालेल्या मुलीचा त्या बापाशी काहीच संबंध नाही, म्हणून ही जमीन तिच्या वंशाकडे जायचा प्रश्न नाही. मनात शंका राहिलीच तर वकिलाला एकदा कागद दाखवा. अब्रूची भीती असेल तर वाद घालू नका. १८५६च्या कायद्यातली ती अट त्यांना समजावून सांगा आणि मिळालेला पहिला फेरफार त्यांच्याच हातात द्या. ज्या घरात आजोबांनी आईचं नाव गिळून टाकलं, तिथे काकांनी ते न विचारण्याची सवय लहानपणीच लावून घेतली असेल. त्यांना वेळ द्या. तुम्ही शोध थांबवावा असं मात्र मला वाटत नाही. पणजी तुमचीही आहे, आणि तिच्याविषयी विचारायला काकांची संमती लागत नाही. मिळालेलं सगळं गावभर करायचं की घरात ठेवायचं, एवढं त्यांच्याशी बोलून ठरवा.

समोरच्या कुटुंबाला पहिला निरोप तुम्ही स्वतः, पत्रानं द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात नावं टाकून "कुणी ओळखतं का" असं विचारू नका. त्या घरातल्या आजीचं आधी एक लग्न झालं होतं, हे तिच्या नातवंडांना माहीतच नसेल तर ते त्यांना अनोळखी माणसांकडून आणि चारचौघांत कळेल. पत्र छोटं असू द्या. तुम्ही कोण, कोणत्या गावच्या, कोणाच्या वंशाचा शोध घेत आहात, आणि तुम्हाला कुठल्याही मालमत्तेत रस नाही, हे पहिल्या चार ओळींत यावं. पाटाचा उल्लेख पहिल्या पत्रात नको. "आपल्या आजींच्या माहेराशी आमचं नातं आहे असं कागदांवरून दिसतं, भेटता आलं तर आवडेल," इतकं पुरे. उत्तर आलं नाही तर काही महिन्यांनी एकदा आठवण द्या आणि मग थांबा. न बोलायचा हक्क त्यांनाही आहे. उत्तर आलं तर पहिल्या भेटीत तुम्ही कमी बोला. तिचा एखादा फोटो, ती कशी बोलायची, कोणत्या सणाला गप्प व्हायची, आधीच्या मुलाचा विषय तिनं कधी काढला का, हे त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका.

या सगळ्या शोधात एक शिस्त पाळा. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली हे लिहा : आत्यांनी अमुक दिवशी सांगितलं, फेरफार नंबर अमुक, कमिशनची नोंद. ऐकीव आणि लेखी यांची सरमिसळ होऊ देऊ नका. जुळणाऱ्या नावाच्या मोहात पडून दुसऱ्याच कुणाच्या पणजोबांना घरात आणू नका. सातारा जिल्ह्यात एकाच नावाचे अनेक शिपाई त्या युद्धात गेले. नंबर, गाव आणि बापाचं नाव या तिन्हींपैकी किमान दोन जुळल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही.

मोडी कागदांचे फोटो सपाट पृष्ठभागावर, दिवसाच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असे काढा आणि सदराकडे पाठवा. वाचणारी माणसं मिळवून देण्याचा प्रयत्न करीन. पण त्याआधी, या रविवारीच, आत्यांकडे जाऊन या. मामाचं गाव विचारा.